हरळी

सत्तावीस वर्षं टॉवेल विणला.
आता गवत विंचरतो.

फार फरक नाही.
मागावर बोटं फिरवली की कळायचं
लव कुठं आडवी पडली, कुठं धागा सुटला.
इथं पहाटे पाचला चप्पल काढून
ग्रीनवर तळवा टेकतो,
काल कुणाची टाच जड होती
ते गवतच सांगतं.

हरळीच आहे ही, दुसरं काही नाही.
काशव्वाचा बाप अक्कलकोटकडं
कुदळीनं हिच्या मुळ्या उकरत म्हातारा झाला.
काशव्वा इथं रोजानं येते
आणि हिच्यातला लव्हाळा उपटते.
"शेतात वैरीण," म्हणते,
"इथं बघा कशी माहेरपणाला आल्यागत."

माघ सरला की पातं वर घ्यायचं,
तीन मिलिमीटरवरनं पाचावर.
मेंबर कुरकुरतात, चेंडू हळू जातो.
जाऊ दे की.
चैत्रात होटगीच्या माळावर
नळीतनं पहिली दोन मिनिटं
चहाला चालेल असं पाणी येतं.
अशा उन्हात कुणाच्याही डोक्याला
थोडे केस लागतात.

पाणी सांडपाण्याचं, गाळलेलं,
रात्री दोनला सुटतं. रोज.
माझ्या गल्लीत पाचव्या दिवशी.
हे मी कुणाला म्हणत नाही,
पाइप गुंडाळताना
जरा जास्त घट्ट गुंडाळतो, एवढंच.

रोहिणी लागल्या की भोकं पाडायची.
पोकळ दातांचं यंत्र इर्फान चालवतो,
मी मागनं चालतो.
पहिल्या वर्षी पोटात गोळा आला होता,
विणून झालेल्या कापडाची
कुणी आपल्याच हातानं चाळण करतं का?
पण खाली काळी माती
पायांनी दाबून दाबून वीट झालेली असते,
मुळीला श्वास पुरत नाही.
बोटाएवढ्या कांड्या बाहेर पडतात,
वर हिरवा शेंडा, खाली पांढरी मुळी.
कांडी हा शब्द माझा,
यंत्राच्या पुस्तकात नाही.
मग भीमेची वाळू, चाळलेली, वाळवलेली,
खराट्यानं भोकाभोकांत.
पंधरा दिवस ग्रीनचं तोंड
देवीच्या वणांचं.
त्या दिवसांत तिकडं कुणी फिरकत नाही.
मला करमतं.

पावसाळ्याचं काय सांगू,
रुपयाएवढे डाग, एका रात्रीत चाळीस.

गड्ड्याला पाळणे उभे राहिले
की हरळी झोपते.
गव्हाळ पडते, हात लावला तर चुरचुरते.
झोपू द्यावं.
पण त्या वर्षी पौषात सामने ठेवले,
सेक्रेटरी स्वतः कॅन घेऊन आले: हिरवा रंग.
झाकण काढून मी बोटाला लावला, हुंगला.
माझा थोरला भाऊ रंगखात्यात होता,
जाळला तेव्हाही त्याची नखं निळी होती.
साहेब, म्हटलं, हा कच्चा आहे,
पहिल्या धुण्यात उतरेल.
"कोंगारी, गवत धुतंय कोण?"

दव धुतं.
सकाळी पहिला चेंडू पांढरा निघाला,
होलपर्यंत पोपटी झाला.
कुणी हसलं नाही.
मीही नाही. टाकीमागं जाऊन हसलो.

रोज होलची जागा बदलतो.
नवीन कापायचा,
निघालेला गोल जुन्यात बसवायचा,
काठ अंगठ्यानं दाबायचे.
गाठ न दिसता तुटका धागा जोडत आलो,
त्यामुळं दुपारपर्यंत
मलाही सापडत नाही काल होल कुठं होता.
त्यात चेंडू मात्र मी कधी टाकला नाही.
कुणी टाक म्हटलं नाही,
मीही मागितलं नाही.

परवा काशव्वाकडं गेलो, उसनी शिडी आणायला.
पत्र्यावर तेलाचा डबा,
त्यात आमच्याच कांड्या,
घमेल्यातनं नेलेल्या.
पातं न लागलेली हरळी
वीतभर वाढून काठावरनं खाली लोंबत होती.
संकष्टीला शेजारीण एकवीस जुड्या खुडून नेते म्हणाली,
दूर्वा म्हणून.

मी एक पान बोटांत धरून बघितलं.
लव उलटी होती, हवी तशी.

पाणी कुठलं घालतेस, विचारलं.

"पाचव्या दिवसाचं," म्हणाली.